हजेरीवहीतला पाऊस

जूनचा दुसरा रविवार. रात्रभर पाऊस कोसळत होता आणि सकाळी आठ वाजताही अंगणात दिवेलागणीचा काळोख होता. मी संडे स्कूलसाठी, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी, चर्चमागच्या खोलीचं कुलूप काढलं, ओलीने फुगलेलं दार खांद्याने लोटलं, सतरंजी झटकून अंथरली आणि वाट बघत बसले. साडेआठला चार मुलं आली. दोन भावंडं एका छत्रीत, एक आजीचा हात धरून, आणि एक मुलगी खताच्या रिकाम्या पिशवीची खोळ डोक्यावर घेऊन. नऊ वाजले तरी चारच. आम्ही गाणं म्हटलं, गोष्ट झाली, प्रार्थना झाली. उपासनेला आलेल्या एका वडीलधाऱ्यांनी पायरीवर छत्री मिटता मिटता विचारलं, "सलाम बाई. आज चारच?"

विचारण्यात काही वाईट नव्हतं. पण तो 'च' माझ्याबरोबर घरी आला आणि आठवडाभर राहिला.

आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, लहान. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर ख्रिस्ती म्हटलं की लोकांना आधी कॅथलिक आठवतात, आणि ते बरोबरच आहे. त्यांची संख्या मोठी, २००५ पासून सिंधुदुर्गाचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे. आम्ही प्रॉटेस्टंट म्हणजे वेंगुर्ल्याच्या सेंट ल्यूक हॉस्पिटलसारखे मिशनचे दवाखाने आणि मिशनच्या शाळा यांच्या आसऱ्याने वाढलेली मूठभर घरं. आमच्या मंडळीच्या वहीत घरं ४२ आहेत, रोज दिवा लागतो तो २४ घरांत. बाकीच्यांची कुलपं मे महिन्यात उघडतात. मुंबईहून मुलं, नातवंडं येतात, चर्चमध्ये जास्तीच्या खुर्च्या टाकाव्या लागतात, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळं पुन्हा शांत होतं. या मंडळीत मी सतरा वर्षं संडे स्कूल घेते आहे. माझी आजी त्याला शब्बाथशाळा म्हणायची. मला तो शब्द अजून आवडतो, पण मुलांच्या तोंडी 'संडे स्कूल'च आहे.

त्याच महिन्यात पास्टरेट कमिटीची, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीची, बैठक होती. विषयपत्रिकेवर एक ओळ होती : संडे स्कूलची वाढ व नूतनीकरण, पुढील वर्षाचे नियोजन. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पास्टर, म्हणाले, "बाई, तुम्हीच लिहून आणा. एक पान पुरे." मी हो म्हटलं.

खरं तर असं नियोजन मी त्याआधी एकदा केलं होतं. शहरात एका शिबिराला गेले होते, तिथून एक पुस्तिका आणली होती. तिच्यात अमेरिकेतल्या आर्थर फ्लेक या गृहस्थांच्या पाच पायऱ्या होत्या. १९२०च्या दशकापासून तिकडच्या सदर्न बाप्टिस्ट मंडळ्यांनी त्या उचलून धरल्या आणि पुढे जगभर पसरवल्या. कोण कोण येऊ शकेल ते शोधा, वर्ग वाढवा, जागा करा, शिक्षक तयार करा, आणि लोकांच्या घरी जा. वाचायला इतकं सोपं की मी लगेच कामाला लागले. वर्ग वाढवायला शिक्षक नव्हते, म्हणून मी सरळ जागेवर आले. भिंती रंगवल्या, प्रोजेक्टर मागून आणला, फुगे लावले, हजेरीला बक्षीस ठेवलं. तीन रविवार खोली भरली. चौथ्या रविवारी बक्षिसं संपली आणि सहाव्या रविवारी आम्ही होतो तिथे आलो. पाचवी पायरी, घरी जाण्याची, माझ्या हातून राहूनच गेली होती. मुलांना मी बोलावत होते. ती कुठून येतात, कशी येतात, आणि येत नाहीत तेव्हा काय करत असतात, यातलं मला फारसं काही ठाऊक नव्हतं. गाव एवढंसं, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका, सगळी पोरं रोज डोळ्यांसमोर, म्हणून मला वाटायचं की मला ठाऊक आहे.

या वेळी पान लिहायला बसण्याआधी मी पत्र्याची ट्रंक उघडली. चर्चच्या माळ्यावर ती कित्येक वर्षं होती. डांबरगोळ्यांचा वास, कसर लागलेली वचनांची कार्डं, आणि फ्लॅनेलग्राफची चित्रं. मोशे, मेंढरं, एक लाल झगेवाला राजा. आमच्या लहानपणी निळं फ्लॅनेल ताणून बसवलेल्या फळीवर ही चित्रं हाताने दाबली की चिकटायची, आणि पावसाळ्यात हवा ओली असली की गोष्ट रंगात आलेली असताना राजा हळूच खाली घसरायचा. त्या चित्रांखाली हजेरीवह्या होत्या. त्यातली एक माझ्याच लहानपणीची.

त्या काळी संडे स्कूल घ्यायच्या त्या दवाखान्यात नर्स होत्या. आम्ही त्यांना सिस्टरबाई म्हणायचो. रात्रपाळी करून, तशाच पांढऱ्या साडीत, थेट वर्गावर यायच्या. त्यांनी वहीत मुलांच्या नावांपुढे हजर-गैरहजरच्या खुणा केल्या होत्या, तशा सगळेच करतात. पण उजव्या बाजूला लाल शाईने एक जास्तीचा रकाना आखला होता, त्याला मथळा नव्हता. त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं : "आई माहेरी." "ताप, तिसरा दिवस." "पाऊस. साकव पाण्याखाली, पलीकडची तीन नाहीत." "चप्पल नाही म्हणून लाजतो." "नापास झाला, मंगळवारी जाऊन आले." आणि काही नोंदींपुढे एक छोटी फुली. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की फुली म्हणजे सिस्टरबाई त्या घरी जाऊन आल्या.

मी माझं नाव शोधलं. ऑगस्टमधले सलग चार रविवार मी गैरहजर होते. पुढे लिहिलं होतं, "बाबांचं." एवढंच. आणि चारही रविवारांपुढे फुली होती.

बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. सिस्टरबाई घरी यायच्या हे मला आठवतं, पण इतक्यांदा आल्याचं आठवत नव्हतं. त्या काही बोलायच्या नाहीत. आईजवळ बसायच्या, तांदूळ निवडू लागायच्या. पाचव्या रविवारी मी आपणहून गेले होते. कोणी पाठवलं नव्हतं.

ती वही मी घरी आणली. रात्री जेवणं झाल्यावर टेबलावर ठेवून पानं उलटत बसले. सिस्टरबाईंच्या वहीतही कधी एकवीस मुलं होती, कधी सहा. संख्या सतत वर-खाली. पण त्या लाल रकान्यात एकही मूल असं नव्हतं की ज्याचं न येणं कोरं सोडलं होतं. मी माझी गेल्या वर्षीची वही शेजारी ठेवली. माझ्या वहीत गैरहजेरीच्या चौकटीत नुसता 'ग' होता. पानंच्या पानं 'ग'.

मी कमिटीला पान दिलं नाही. पाळकसाहेबांना सांगितलं की मला तीन महिने द्या, आधी घरोघर जाते. ते म्हणाले, "पावसात?" मी म्हटलं, "पावसातच."

आता थोडं मागे जाते, कारण संडे स्कूल ही मुळात कशासाठी सुरू झाली हे मला त्या भेटींमध्ये वारंवार आठवत होतं. १७८० साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावी रॉबर्ट रेक्स नावाच्या वृत्तपत्रमालकाने गरीब मुलांसाठी रविवारी वर्ग चालवले. पगार देऊन बायका शिकवायला नेमल्या. रविवारच का? कारण ती पोरं आठवड्याचे सहा दिवस कामावर असत आणि रविवारी मोकळी, रस्त्यावर. पवित्र शास्त्र शिकवायचं तर आधी वाचायला शिकवलं पाहिजे, म्हणून अक्षरओळखही तिथेच. म्हणजे वार आणि वेळ मुलांच्या दिनक्रमाकडे बघून ठरलेली होती. आपण तो वार आणि ती वेळ इतकी पक्की धरून बसलो की मुलांचा दिनक्रम बदलला तरी आपलं घड्याळ तेच राहिलं.

कारण पहिल्याच आठवड्यात मला कळलं ते हे : आमच्या आठवी ते दहावीच्या सातांपैकी पाच मुलांचा रविवारी सकाळी आठ ते दहा तालुक्याच्या गावी क्लास असतो. सातची एसटी पकडतात. त्यांच्या आया मला बघून ओशाळल्या. एक तर म्हणाली, "बाई, प्रभूला काय तोंड दाखवणार आम्ही." मला फार वाईट वाटलं. त्या माउलीने मुलाची फी भरण्यासाठी काजूच्या फॅक्टरीत जादा पाळी धरली होती, आणि आमच्या वेळापत्रकापायी स्वतःला अपराधी समजत होती. मोठ्यांचा वर्ग आम्ही रविवारी दुपारी चारला नेला. एवढा साधा बदल करायला सतरा वर्षं लागली.

दुसरं घर आंब्याच्या बागेतलं. बाप बाग करारावर घेतो, एप्रिल-मेमध्ये सगळं घर आंबे उतरवायचे झेले घेऊन झाडाखाली. सातवीतली मुलगी पेट्यांमध्ये पेंढा घालते, आंबे प्रतीप्रमाणे लावते. ती मे महिन्यात कधीच येत नाही, आणि आमचं व्हेकेशन बायबल स्कूल नेमकं मे महिन्यात. मुंबईची मुलं येतात म्हणून आम्ही ते मेमध्ये ठेवतो, आणि त्यांच्यासाठी इथलं, वर्षभर आमचं असलेलं मूल बाहेर राहतं. हे मला तिने सांगितलं नाही. ती नुसती म्हणाली, "मेमध्ये गाणी इथवर ऐकू येतात." बाग चर्चच्या मागच्या उतारावर आहे.

त्यानंतर मी कॅलेंडर घेऊन बसले. छापील पाठ्यक्रम जानेवारीला सुरू होतो आणि डिसेंबरला संपतो. आमच्याकडचं वर्ष तसं चालत नाही. जूनमध्ये पाऊस आणि शाळा एकदमच येतात. भाद्रपदात सगळा गाव चाकरमान्यांनी भरतो, आमची मुलंही शेजारच्या घरी गणपतीला जातात, मोदक खातात, भजनाला झांज वाजवतात, आणि त्या दहा-बारा दिवसांत वर्ग भरवणं म्हणजे मुलाला शेजार आणि चर्च यांत निवड करायला लावणं. मला ते पटत नाही. ऑक्टोबरमध्ये भातकापणी. डिसेंबर नाताळाचा, तेव्हा मुलं बोलावावी लागत नाहीत. त्यानंतर जत्रांचे दिवस, रात्र रात्र दशावतार, आणि रविवारी सकाळी डोळे चोळत बसलेली पोरं. मार्चला परीक्षा. मग आंबा. हे सगळं मी एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मांडलं तेव्हा दिसलं की वर्षात सलग, मोकळे, भरवशाचे रविवार फक्त दोन पट्ट्यांत आहेत : जुलै ते मध्य ऑगस्ट, आणि नोव्हेंबर ते मध्य डिसेंबर. जे नीट शिकवायचं ते तिथे. बाकीच्या रविवारी गोष्ट, गाणं, भेट. पाठ्यक्रमाचे ५२ धडे मी २४ वर आणले. कमिटीत एकांनी विचारलं, "निम्मे धडे गाळले?" हो, गाळले. पूर्वी ५२ धडे व्हायचे, पण कुठल्याही एका मुलाचे पंधराच्या वर होत नसत.

तिसरी भेट मात्र अवघड होती.

नववीतला एक मुलगा. लहानपणी पहिल्या बाकावर बसायचा, वचन सर्वांत आधी पाठ करायचा. दीड वर्षापूर्वी यायचा थांबला. मी गेले तेव्हा तो घरापुढच्या खळ्यात बसून सायकलच्या ट्यूबला पंक्चर काढत होता. मला बघून उठला, सलाम केला, पाट आणून दिला. आई घरात नव्हती. मी तिथेच खळ्यात, पागोळ्या पडत होत्या त्याच्या आत, पाटावर बसले. त्याने ट्यूब पाण्याच्या बालदीत बुडवली, बुडबुडे कुठून येतात ते बघितलं, तिथे खडूने खूण केली. मी काही विचारलं नाही. सॅण्डपेपर घासून झाल्यावर तोच म्हणाला,

"बाई, मी आता मोठो झालंय. बारक्या पोरांवांगडा बसाक माका लाज वाटता."

मी म्हटलं, "मग मोठ्यांबरोबर बस. वर, उपासनेला."

"थय माझा काय काम?"

तिथे माझं काय काम. मी त्यावर काहीच बोलू शकले नाही. कॅथलिक शेजाऱ्यांच्या मुलांना पहिलं कम्युनियन असतं, मग पुढचे टप्पे असतात, एकेका टप्प्याला घरदार तयारी करतं. आमच्याकडे बाराव्या वर्षी मूल संडे स्कूलच्या सतरंजीवर मावेनासं होतं आणि दृढीकरणापर्यंत, म्हणजे मंडळीचं पूर्ण सभासद होईपर्यंत, त्याला बसायला ठरलेली जागा नसते. इतकी वर्षं आम्ही म्हणत आलो की मोठी मुलं जगाच्या मागे लागली. आमच्याच घरात त्यांना काही काम नव्हतं, हे त्या दिवशी समोर आलं.

मी त्याला दुसऱ्या रविवारी यायला सांगितलं. बसायला नको, म्हटलं, हजेरी घ्यायला ये. आणि सिस्टरबाईंची वही दाखवली. त्याने हात पुसले आणि बराच वेळ तो लाल रकाना वाचला. मग विचारलं, "ह्या कोणी लिवल्यान?"

तेव्हापासून हजेरी तो घेतो. पहिल्या महिन्यात त्याच्याबरोबर आणखी दोघं आली. एक मुलगी लहानांना हात धुवायला नेते, खाऊ वाटते. एक मुलगा पेटी शिकतो आहे, त्याला चार गाणी येतात, आम्ही तीच चार म्हणतो. ही मुलं आता दुपारी चारच्या वर्गातही येतात. त्यांच्या वर्गात मी फार कमी बोलते. त्यांचे प्रश्न अवघड असतात आणि सगळ्यांची उत्तरं माझ्याकडे नाहीत, तेव्हा पाळकसाहेबांना बोलावते, आणि ते येतात.

एक नियम मी याच वेळी घातला आणि त्यावर हटून बसले. कोणतीही मोठी व्यक्ती, मी धरून, एकट्या मुलाबरोबर बंद दाराआड असणार नाही. वर्गात कायम दोन मोठी माणसं, दार उघडं, मुलाला घरी सोडायचं तर पालकांना आधी कळवून. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ साली आला, शाळांमध्ये आम्हाला त्याचं प्रशिक्षण मिळालं, चर्चमध्ये कोणी विषयच काढत नव्हतं. एका आजोबांना लागलं. "आपल्या मंडळीत असं होईल का बाई?" मी त्यांना म्हटलं, होणार नाही अशीच माझी प्रार्थना आहे, आणि नियमही त्यासाठीच आहे. ते आता दर रविवारी दुसरी मोठी व्यक्ती म्हणून दाराशी खुर्ची टाकून बसतात. गोष्ट मुलांपेक्षा तेच जास्त मन लावून ऐकतात.

शिक्षकांचं म्हणाल तर आम्ही आता चार जणी-जणे आहोत. शुक्रवारी संध्याकाळी तासभर जमतो, रविवारचा भाग एकत्र वाचतो, आणि एकाने ती गोष्ट पाच मिनिटांत सगळ्यांना सांगायची. वर्षातून तीन महिने प्रत्येकाला सुट्टी, अपराधीपणा न ठेवता. पैशांचं काही विशेष नाही. महिला मंडळाने थोडी मदत दिली, छत्र्या घेतल्या.

छत्र्यांआधी मात्र भाषेबद्दल सांगायला हवं. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी या कोकणात बाणकोटला आले आणि त्यांनी सुरुवात शाळांपासून केली. पुढे मुंबईत नावाजलेले जॉन विल्सन १८२९ साली इकडे आले तेव्हा आधी हर्णैला राहून मराठी शिकले. परक्या देशातून आलेल्या माणसाला कळलं होतं की ज्याला सांगायचं त्याची भाषा आधी शिकावी लागते. मी तर इथलीच, घरी मालवणी बोलणारी, आणि सतरा वर्षं मुलांना गोष्ट सांगायची ती पाठ्यपुस्तकी मराठीत. पवित्र शास्त्र आपण मराठीत वाचतो ते योग्यच आहे, वचनंही त्याच भाषेत पाठ व्हावीत. पण गोष्ट सांगताना आणि ऐकताना पोरं मनात जी भाषा बोलतात तिला दाराबाहेर का ठेवायचं?

जुलैत येशूने पाच भाकरी आणि दोन मासळ्यांत हजारोंना जेवू घातलं, तो धडा होता. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत ही घटना आहे, पण भाकरी आणि मासे एका मुलाजवळ होते हे फक्त योहान सांगतो. मी घरून तांदळाच्या पाच लहान भाकऱ्या आणि दोन सुके बांगडे केळीच्या पानात बांधून नेले. पान उघडलं तशी खोलीभर वास सुटला आणि मुलं पुढे सरकली. मी मालवणीत सुरू केलं. दुसऱ्या मिनिटाला प्रश्न आला, "बाई, ते बांगडे काय पेडवे?" मी सांगितलं, गालीलाचा समुद्र म्हणतात खरा, पण ते गोड्या पाण्याचं तळं, तिथे बांगडा कुठून मिळणार. मुलं हिरमुसली. मग सांगितलं की योहानाने मूळ ग्रीकमध्ये जो शब्द घातला आहे तो भाकरीबरोबर तोंडी लावायच्या लहान मासळीचा आहे. "म्हणजे आमच्या सुक्यासारख्या!" एक जण ओरडला, आणि तळ्याबद्दलचा राग गेला. भाकरी जवाची होती, म्हणजे गरिबाघरची, हेही त्यांना लगेच समजलं. नाचणीची, असं एकीने स्वतःशी म्हटलं.

मग खोळ घेऊन येणारी ती मुलगी, आता पहिलीत आहे, बराच वेळ गप्प होती. तिने विचारलं,

"मगे त्या झिलान काय खाल्ल्यान?"

मी थांबले. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि मलाही पडला नव्हता. पाच हजारांनी खाल्लं, बारा टोपल्या उरल्या, हे आम्ही नेहमी मोजतो. डबा दिलेला तो मुलगा जेवला का? मी सांगितलं, सगळे तृप्त झाले असं लिहिलंय, म्हणजे तोही जेवला असणार, सगळ्यांच्या पंगतीत. तिला ते पटलं. तिने पानातली अर्धी भाकरी शेजारच्याला दिली आणि अर्धी फ्रॉकच्या खिशात ठेवली. घरी भाऊ आजारी होता. हजेरी घेणाऱ्या मुलाने ते बघितलं आणि वहीत लिहिलं. त्या संध्याकाळी आम्ही दोघं तिच्या घरी गेलो.

नाताळाच्या नाटकाची गोष्टही अशीच उभी राहिली. मोठी मुलं म्हणाली, या वेळी गोठा-मेंढपाळ लहान करू देत, आम्ही उधळ्या पुत्राची, बापाकडून वाटा घेऊन तो उधळणाऱ्या धाकट्या मुलाची गोष्ट दशावताराच्या ढंगाने करतो. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, कथेचा सांगाडा ठरतो आणि नट तिथल्या तिथे बोलतो. आमच्या पोरांनी हे जन्मापासून जत्रांमध्ये पाहिलेलं. काही वडीलधाऱ्यांना ते रुचलं नाही. देवळासमोरची कला चर्चमध्ये कशी, असा प्रश्न आला, आणि तो प्रामाणिक होता. त्यावर पाळकसाहेबांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव घेतलं. आपल्याच कोकणातले, १८६१ साली करजगावात जन्मलेले, फुलामुलांचे कवी. बाप्तिस्म्यानंतर त्यांनी कीर्तन-अभंगांच्या ढंगात मराठी मंडळीसाठी पदं रचली, आणि आज ती पदं आपल्या उपासनेत कोणाला परकी वाटत नाहीत. चर्चा लांबली, पण परवानगी मिळाली. शेजारवाडीतले एक मृदंगवाले काका आपणहून साथीला बसले. धाकटा मुलगा डुकरांच्या कळपात बसून जे बोलला ते कोणी लिहून दिलं नव्हतं. तो म्हणाला की मुंबईत खोली घेतली, मित्र मिळाले, पगार संपला, आणि घरी फोन करायला तोंड नाही. समोर बसलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. त्यांच्यातल्या किती जणींची मुलं मुंबईत आहेत, ते आम्ही सगळेच जाणतो.

यंदा आमच्या वहीत १७ मुलं आहेत. गेल्या जूनमध्ये ११ होती. वाढलेल्या सहांपैकी तिघं परत आलेली आहेत, एक नवं बिऱ्हाड बदलीवर आलं त्यांची दोन, आणि एक पलीकडच्या वाडीतला, भावाबरोबर येतो, नुसता ऐकतो. आंब्याच्या बागेतल्या मुलीसाठी मेमध्ये आम्ही दोन संध्याकाळी बागेतच बसलो. मुंबईची मुलं चटया घेऊन वर चढली आणि पेट्या भरू लागली. पेंढा कसा घालायचा ते तिने त्यांना शिकवलं.

या जूनला पुन्हा तसाच पाऊस लागला. दुसऱ्या रविवारी सहा मुलं आली. त्याच वडीलधाऱ्यांनी पायरीवर विचारलं, "आज सहा?" हजेरीवाल्या मुलाने त्यांना वही उघडून दाखवली. अकरा नावांपुढे अकरा कारणं होती, त्यातली चार साकवाची. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली आणि म्हणाले, साकवाचं मी ग्रामपंचायतीत बोलतो.

साकव होईल तेव्हा होईल. तोवर पलीकडच्या चार मुलांचा वर्ग आम्ही शनिवारी दुपारी त्यांच्याच घराच्या खळ्यात घ्यायचं ठरवलं आहे. या शनिवारी पहिल्यांदा जायचं. छत्र्या सहा घेतल्यात, फ्लॅनेलची फळी नवीन कापड लावून तयार आहे, राजा तेवढा डिंकाने चिकटवावा लागेल. त्या घरच्या आजीला फोन करून वेळ विचारली. ती म्हणाली, "साडेचाराक ये गो. तवसर पाणी उतारता."